परकराखाली वाळलेले कपडे

हेंद्रेपाडा, बदलापूर (प.)
गुरुवार, ता. १८ सप्टेंबर २०२५

ती. मालिनीताईस,
प्रतिभाचा नमस्कार.

इकडे ठीक म्हणायचं. आज मठात जाऊन आले, तुझ्या गुडघ्यासाठीही स्वामींना हात जोडले. फोनच केला असता, पण तुमच्याकडे फोन स्पीकरवर असतो आणि हे घरभर ऐकण्यासारखं नाही. तुमच्या वांगणीचा सखा भाजीवाला परत निघालाय, त्याच्या हाती बंद पाकीट देतेय.

आधी कामाचं. आपल्या किसनदादाला रविवारी ह्यांना जाब विचारायला पाठवू नकोस. हे बाहेरच्या खोलीत झोपतात, म्हणजे कुठेतरी बाई असणार, असं मीच तुला म्हटलं होतं. ताई, तसं काही नाही.

ह्यांना त्वचेचा आजार झालाय. कसं लिहू, अवघड जागी. खाज, लाली, आग. अंबरनाथच्या कंपनीत दिवसभर भट्टीपुढे उभं राहायचं, घामाने चिंब. ह्यांना वाटलं, घाणेरडा रोग लागला, बायको काय समजेल! मेडिकलवाल्याने दिलेलं मलम चोरून लावत होते. दोन दिवस बरं वाटायचं, मग पहिल्यापेक्षा जास्त.

सोमवारी चालवेना, तेव्हा बोलले. बेलवलीच्या डॉक्टरांकडे मीही आत गेले. तपासून म्हणाले, "बुरशी वाटतेय. ते मलम फेका, त्यात स्टिरॉइड आहे. मी देतो ते लावा, साध्या पाण्याने धुवा आणि कोरडं ठेवा." मग माझ्याकडे वळले, "ह्यांचे आतले कपडे कुठे वाळत घालता?"

मी खालीच बघितलं. आईने शिकवलंय ना, आतले कपडे चारचौघांना दिसू नयेत. मी ते मोरीतल्या दोरीवर, माझ्या परकराखाली घालायचे. ऊन म्हणून लागायचं नाही. आणि काटकसर म्हणून दोघांत टॉवेल एकच.

रक्तही तपासायला लावलं. साखर बरीच वाढलेली निघाली. त्यानेही ही बुरशी परत परत येते म्हणे. आणि मी दर गुरुवारी प्रसादाचा शिरा ह्यांच्या पुढ्यात वाटीभर ठेवत होते.

ताई, एक राहिलं. खाज मलाही होती. म्हणूनच तर बाईचा संशय आला. डॉक्टर म्हणाले, "बायकांनाही होते, एकमेकांना लागू शकते. त्यावरून कुणाचं चारित्र्य ठरत नाही. लेडी डॉक्टरांना दाखवा." उद्या जाणार आहे.

येताना रिक्षात हे हळूच म्हणाले, "तुला पण होतं? मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोललात?"

हसले गं. किती दिवसांनी.

आता कपडे गॅलरीत घालते. शेजारची रोहिणी म्हणाली, "काय वहिनी, प्रदर्शन मांडलंय?" म्हटलं, "ऊन फुकट आहे बाई, तू पण घाल."

हे अजून बाहेरच झोपतात, पण मधलं दार उघडं असतं. मी तुला काय सांगितलं होतं, ते ह्यांना ठाऊक नाही. दादाने तोंड उघडलं तर ते दार कायमचं लागेल. माझ्यात आता समजूत काढायचं बळ नाही. दादाला यायचंच असेल तर जेवायला येऊ दे. गोड नसेल, एवढं सांग. बाकीचं तुझ्यापाशीच राहू दे.

दमलेली, तुझीच
प्रतिभा