दोन ठोके म्हणजे चहा

४ फेब्रुवारी

ति. ताईंस,
धाकटीचा शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला, रागावू नका. घरात पाय ठेवायला जागा नाही. जरा पेन खाली ठेवावं तर त्यावर सिमेंटचं पोतं येऊन बसतं. पण काम मात्र मनासारखं होतंय. छत गळायचं थांबलं, दोन्ही मजल्यांची कुजलेली लाकडं बदलली, जिन्याला नवा कठडा आला. तुमच्या वरच्या स्वयंपाकघराची खिडकी मोठी केली आहे. तिथून समोरचा तारेचा कारखाना पूर्ण दिसतो. कारखाना म्हणायचा आपला सवयीनं. त्याच्या शेडमध्ये आता व्यायामशाळा आहे. आपल्या दोघींच्या नवऱ्यांना जिथे घाम गाळल्याचा पगार मिळायचा, तिथे आता पोरं पैसे भरून घाम गाळतात.

परवा माझी चांगलीच फजिती झाली. दुपारी मशीनवर बसले होते, तर पाइपावर दोन ठोके वाजले. मी तश्शी उठले, आधण ठेवलं, दोन कप काढले आणि ताई अजून कशा उतरल्या नाहीत म्हणून जिन्याकडे बघत उभी राहिले. वरून उतरला प्लंबर! पाइप किती गंजलाय ते बघायला त्यानं त्यावर पाना आपटला होता. तुम्ही लेकाकडे गेल्याला चार महिने झाले, हे मला दोन्ही कप भरल्यावर आठवलं. मग तुमचा चहा त्यालाच दिला.

त्याला सगळं सांगावंच लागलं. दोघा भावांच्या पाळ्या वेगळ्या, एक ना एक जण दिवसा झोपलेला, म्हणून आपण हाका न मारता पाइपावर चमच्यानं बोलायला शिकलो, असं. आता लबाड रोज दुपारी दोन ठोके देतो आणि हात धुऊन खाली हजर होतो. तीन ठोक्यांचा अर्थ मात्र मी त्याला सांगितला नाही.

नवे प्लॅस्टिकचे पाइप भिंतीतून गेलेत, तेव्हा हा लोखंडी काढून टाकू म्हणतो. मी हात लावू दिलेला नाही. महिनाभरात घर तयार होईल. कधी येताय ते कळवा. गुडघ्यांना जपा आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नका.

तुमची
धाकटी


१५ फेब्रुवारी

प्रिय धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून इतकी हसले की सूनबाई बघायला आली. अगं, माझीही तुझ्यासारखीच गत झाली. इथे पाचव्या मजल्यावर न्हाणीघरात एक पाइप आहे. मी त्यावर ठोकलं, तर खालच्या मजल्यावरच्या गृहस्थानं वॉचमनकडे तक्रार केली की वरची म्हातारी आवाज करते! वॉचमन दारात. मी त्याला म्हटलं, बाबा रे, जुनी खोड आहे, पुन्हा नाही करणार.

आता जे लिहिते ते शांतपणे वाच. डॉक्टरांनी मला जिना बंद केला आहे. एकदा वर चढले तर उतरवायला दोन माणसं लागतील. लेकाच्या ओळखीतला एक फोटोग्राफर आहे, त्याला आपल्या गल्लीतच जागा हवी आहे, वरचा मजला विकत घ्यायला तो तयार आहे. माणूस सालस वाटला. मी हो म्हणाले.

तू मनाला लावून घेऊ नकोस. लग्न होऊन आलीस तेव्हापासून तू माझं करत आलीस. आता माझी दुखणी काढायला तुला जुंपायचं माझ्या जिवावर येतं. इथे सगळं हाताशी आहे. दिवसभर दोघं कामावर असतात, एवढंच. भिंतीचा रंग कोणता काढलास ते कळव. आशीर्वाद आहेतच, ते काही जिने मोजत नाहीत.

तुझी
ताई


२१ फेब्रुवारी

ति. ताईंस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र पुन्हा पुन्हा वाचलं आणि दर वेळी तुमचा रागच आला. थोरल्या आहात म्हणून इतकी वर्षं ऐकून घेतलं. आज तुम्ही ऐका.

माझं शिलाई मशीन वर गेलं आहे. तुमच्या नव्या खिडकीपाशी मांडलं आहे, उजेड छान येतो. माझी भांडी, माझी खाट, सगळं वर. खालचं घर तुमचं. हे काम सुरू झालं त्या दिवशीच मी ठरवलं होतं. तुम्हाला कळवलं नाही, कारण कळवलं असतं तर तुम्ही नाही म्हणाला असता. खालच्या न्हाणीघरात धरायला दांडा बसवला आहे. प्लंबरनं विचारलं, ताई उंचीला किती. मी म्हटलं, माझ्या कानापर्यंत. तेवढ्यावर त्यानं बरोबर बसवला.

आणि मी तुमच्यावर उपकार करते आहे असं समजू नका. कामगारांचे गणवेश शिवायचे दिवस गेले. आता या नव्या ऑफिसांमधली मुलं जीन्स आखूड करायला नि जाकिटांच्या चेनी बदलायला आणतात. ती काही जिना चढून वर येणार नाहीत. खाली खिडकीत बसून कपडे घ्यायला, कुठे सैल, कुठे घट्ट ते विचारायला माणूस हवं. मला दोन वाक्यांपुढे बोलता येत नाही. तुम्ही बोलायला लागलात की माणूस कशाला आलो होतो तेच विसरतं. जन्मभर फुकट बोललात, आता धंद्यासाठी बोला.

एक गोष्ट कधी बोलले नाही. भाऊजी गेले त्या सकाळी तुम्ही तीन ठोके दिलेत आणि मी कणकेच्या हातांनी वर धावले. त्यानंतर रोज दुपारी तुमचे दोन ठोके पडले की मी श्वास धरायची. तिसरा आला नाही की मग आधण ठेवायची.

तुम्हाला विकायचं असेल तर विका, मी आडवी येणार नाही. फक्त आधी तो पाइप काढून न्यायला सांगते. दुसऱ्या कुणाच्या हातचे ठोके मला ऐकायचे नाहीत. ताई, हेही गेले, आता तुम्हीही इथे नाही, मला या घरात एकटीला राहवत नाही. लिहिलं एकदाचं. भिंती पांढऱ्या आहेत.

रागावलेली, तरी तुमचीच
धाकटी


२ मार्च

प्रिय धाकटीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

त्या गृहस्थाच्या तक्रारीचं मी तुला हसून लिहिलं. खरं काय झालं ते आज लिहिते.

न्हाणीघरात माझा पाय घसरला. घरात कुणी नव्हतं आणि उठता येईना. हाताला स्टीलचा मग लागला, तो घेऊन पाइपावर तीन ठोके दिले. थांबले. पुन्हा तीन दिले. तू येशील असंच वाटत होतं बघ, वेडीच मी. किती वेळ गेला कोण जाणे. शेवटी बादली पालथी घालून, तिच्या आधारानं कशीबशी उठले, तेवढ्यात बेल वाजली. वॉचमन सांगायला आला होता की खालच्यांना त्रास होतो. मी ओल्या पातळानं त्याच्यापुढे उभी राहून त्याचीच माफी मागितली. त्या गृहस्थाला तरी कसा दोष देऊ? तीन ठोक्यांचा अर्थ त्याला कुणी सांगितला होता?

लेकाला मी बोलले नव्हते, उगाच जिवाला घोर नको म्हणून. तुझं पत्र आलं तेव्हा ते त्याच्या हातात दिलं आणि सगळं सांगितलं. मग एवढा मोठा पोरगा रडला. फोटोग्राफरला त्यानं त्याच दिवशी नाही म्हणून कळवलं. म्हणाला, आई, तुला काकूच्या हवाली केल्याशिवाय मला कामावर लक्ष लागणार नाही. शनिवारी तोच मला घेऊन येतो आहे.

पाइप काढू देऊ नकोस. आणि प्लंबरला सांग, ठोके द्यायची मालकीण परत येते आहे, त्यानं आता बेल वाजवावी.

आता एक नीट ऐक. यापुढे मी खाली, तू वर. दुपारी दोन ठोके पडले की चहा मी टाकलेला असेल, तू उतरून यायचंस. आणि तिसऱ्यासाठी श्वास धरून बसू नकोस. दोन ठोके दिले की मी लगेच खालून तुला मोठ्यानं हाक मारीन. आता आपल्या घरात दिवसा झोपणारं कुणी नाही.

शनिवारी भेटूच. तोवर जपून राहा.

तुझी
ताई