झिरोच्या बल्बची ऊब

३ फेब्रुवारी, सकाळ
लंगडी गेली. बोक्याने नेली. एका पायाने अधू, पण बायकोची फार लाडकी कोंबडी. मागे नऊ अंडी ठेवून गेली. ही सकाळपासून भांडी घासतेय, घासलेलीसुद्धा. मग म्हणाली, शेजारच्या काकूंची कोंबडी खुडूक बसलीय, तिच्याखाली ठेवू या अंडी. मी म्हटलं, मी घरात असताना अंडी दुसऱ्याच्या दारी कशाला? उबवायची पेटी मी करतो. रिटायर होईपर्यंत ऑफिसच्या स्टोअरमधून बल्ब मीच देत होतो. विजेतलं मला कोणी शिकवू नये.
ही म्हणाली, "लंगडीचं एवढंच उरलंय. नीट सांभाळा."
यात न सांभाळण्यासारखं काय आहे?

३ फेब्रुवारी, संध्याकाळ
पेटी तयार! लाकडी खोकं, आतून थर्माकोल. साठ वॅटचा बल्ब लावा, असं मासिकात दिलंय. पण मी डोळे मिटून विश्वास ठेवणाऱ्यातला नाही. बल्बला मल्टीमीटर लावला. रेझिस्टन्स पासष्ट ओहम. घरातलं व्होल्टेज दोनशेतीस, त्याला पासष्टने भागलं, करंट साडेतीन अँपिअर. पुन्हा व्होल्टेजने गुणलं. पॉवर आठशे चौदा वॅट! साठ सांगतात आणि आठशे गळ्यात मारतात. अंडी उकडून निघाली असती.
घरातले सगळे बल्ब उतरवून मोजले. बाथरूमबाहेरच्या पॅसेजमधला झिरोचा बल्ब निघाला आठशे ऐंशी ओहमचा. गणित केलं, बरोब्बर साठ वॅट. तोच पेटीत लावला. पॅसेजमध्ये अंधार झाल्यामुळे हिला ठेच लागली. शास्त्रासाठी एवढं सोसावं लागतं.

४ फेब्रुवारी
पेटीतला थर्मामीटर बावीस दाखवतोय. साडेसदतीस हवेत. थर्मामीटर बिघडलाय.
होस्टेलवरून मुलीचा फोन. आईने सगळं सांगितलेलं दिसतंय. म्हणाली, बाबा, तुम्ही बंद बल्ब मोजलात, म्हणजे थंड तार मोजलीत. पेटल्यावर तार तापते आणि रेझिस्टन्स कैक पटींनी वाढतो. पेटलेला असताना करंट मोजा, मग गुणा. मी म्हटलं, रेझिस्टन्स म्हणजे काय तुझ्या आईचा मूड आहे, घटकेत बदलायला? फीचे पैसे पाण्यात चाललेत.
ही दुपारी पेटीत हात घालून गेली. काही बोलली नाही. कौतुकाला शब्द सुचले नसावेत.

५ फेब्रुवारी
अंडी आज एकदम पांढरी दिसतायत. परवा तांबूस होती. उष्णतेने रंग उडतो. प्रगती समाधानकारक.

९ फेब्रुवारी
अंडं कानाला लावलं. आत टिकटिक! हृदय चालू झालंय! डाव्या हाताने धरलं तरच ऐकू येतं, उजव्याने नाही. घड्याळाच्या हाताची पिल्लांना सवय झालेली दिसते.
हिला बोलावून ऐकवलं. तिने तोंडाला पदर लावला. भरून आलं असणार.

१४ फेब्रुवारी
संकल्प: अंडी दिवसातून तीनदा फिरवायची. सकाळी विसरलो, दुपारी डोळा लागला. पिल्लांनाही विश्रांती हवीच की.
ही हल्ली रोज शेजारी जाते. इथे मी हिच्या लंगडीच्या पिल्लांसाठी राबतोय आणि बाईसाहेब तिकडे गप्पा छाटतायत. येते तीही हसत हसत.

२० फेब्रुवारी
नवा थर्मामीटर आणला. हाही बावीसच. एकजात सगळा माल भिकार!
दुपारी घरी कोणी नव्हतं. मुलीची चूक एकदाची दाखवून द्यावी म्हणून तिच्या पद्धतीने मोजून पाहिलं. मीटर वायरच्या मध्ये जोडला, बल्ब पेटवला. करंट बावीस मिलिअँपिअर. गुणिले दोनशेतीस. उत्तर, पाच वॅट. परत मोजलं. पाचच. रेझिस्टन्स दहा हजारांच्या वर गेलेला. शेवटी बल्बवरची धूळ पुसली. तिथेही पाच वॅट असंच छापलंय.
मग प्रथमच पेटीत तळहात ठेवून बसलो. गार. इतके दिवस अंडी फिरवली, कानाला लावली, पण पेटी गरम आहे का हे काही पाहिलं नाही. आकडा होता ना माझ्याकडे.
हिने सांभाळा म्हणून सांगितलं होतं. हिला आता कसं सांगू?

२१ फेब्रुवारी
सकाळी सांगणार होतो. ही कपडे वाळत घालत होती. दुपारी सांगणार होतो. ही झोपली होती. उद्या नक्की.

२२ फेब्रुवारी
आज ही फार खूश दिसली. अशा वेळी सांगणं बरं नव्हे.

२३ फेब्रुवारी
साठ वॅटचा बल्ब लावून ठेवलाय. काही उपयोग नाही, मला कळतंय. तरी लावलाय. जेवण गेलं नाही.

२५ फेब्रुवारी
सांगितलं. शब्द जुळवून ठेवले होते, ऐन वेळी एकही आठवला नाही. म्हटलं, तुझी अंडी मी मारली.
ही उठली, पायात चपला घातल्या, मला शेजारी घेऊन गेली. काकूंच्या अंगणात त्यांची कोंबडी, आणि तिच्या पंखाखालून आठ पिल्लं डोकावतायत. काल फुटली म्हणे अंडी, एकच वाया गेलं. माझ्या पेटीत होती ती दुकानातली. चौथ्या तारखेला पेटी गार लागली तेव्हाच हिने बदलली.
मी म्हटलं, मला सांगायचं तरी. तीन आठवडे वेड्यात काढलंस.
ती म्हणाली, "रिटायर झाल्यापासून पहिल्यांदाच सकाळी उठून कामाला लागत होतात. मला मोडवेना."
काकू आत निघून गेल्या. एक पिल्लू माझ्या चपलेवर येऊन बसलं. केवढं गरम असतं ते!
घरी आल्यावर पेटीतली अंडी लांब नेऊन पुरली. वास सुटायला लागला होता. मग हिने एकच काम सांगितलं. झिरोचा बल्ब पॅसेजमध्ये परत लावा, रोज ठेचकाळतेय.
स्टुलावर चढून लावला. पेटला. ही खालून म्हणाली, हं, आता दिसतंय.