जाळ्यात आलेली बंदुकीची कळ

बाबा, ती बंदुकीची कळ कुणाचीच नव्हती.

करंजाच्या धक्क्यावर दादाने जाळ्यातून ते गंजाचं ढेकूळ सोडवलं, तो दिवस मला अजून दिसतो. तू ओरडतोस, "टाक ती दर्यान. मेलेल्या शिपायाची वस्तू हाय." दादा हसतो. आई ते त्याच्या हातातून घेते, घरी मोरीत बसून चिंच लावून घासते आणि आतून जुन्या चकमकीच्या बंदुकीचा घोडा डोकं काढतो. दादाला ती बार उडवणारी कळ आवडली, म्हणून आईने ती फळीवर ठेवली. त्याच महिन्यात दादा होडीवरून पडला आणि खाडीच्या तोंडाशी सापडला. प्रेत अजून घरात होतं तेव्हा तू आईला म्हणालास, "धनी आपली वस्तू मांगाला आलता. तू दिली नाय, त्यानं पोर नेला." मग तू होडी विकलीस, आम्हाला कामोठ्याला आणलंस, एका सोसायटीत वॉचमन झालास. आईच्या हातचं जेवत राहिलास, पण मरेपर्यंत तिच्याशी बोलला नाहीस. कळ मात्र समुद्रात टाकू दिली नाहीस. आता टाकली तर आणखी कुणाला नेईल, म्हणायचास.

आई माझ्याकडे सुकापूरला असते, अंथरुणाला खिळलीय. मध्ये एकदा म्हणाली, "मी मेली का ती माज्या उशाला ठेव. ज्याची हाय त्याला मीच देईन." ते ऐकवेना. मी कळ घेऊन मुंबईला गेले, जुन्या शस्त्रांच्या जाणकार एका बाईंकडे. त्यांनी उरलेला गंज उतरवला तसा कळीच्या पट्टीवर बदामाच्या आकाराचा शिक्का दिसला. विलायतेत घडवून कंपनी सरकारसाठी इकडे पाठवलेला माल, त्या म्हणाल्या. मग भिंग माझ्या हातात दिलं. "हे बघा, बंदुकीवर बसवायची भोकंच पाडलेली नाहीत. घोड्यात गारगोटीही कधी धरलेली नाही. ही कुठल्या बंदुकीला लागलीच नाही. जहाजातून माल उतरवताना पेटी पाण्यात पडली असेल."

म्हणजे कुणी शिपाई नव्हता, बाबा. कुणी काही मागायला आलं नव्हतं. मी घरी येऊन आईच्या कानाशी बसले, सगळं नीट सांगितलं. वाटलं, रडेल, मोकळी होईल. तिने पंख्यावरची नजर माझ्याकडे वळवली. मग म्हणाली, "मंग माजा पोर कशानं गेला?"

मी तिची उशी सारखी केली. तेव्हापासून ती भिंतीकडे तोंड करून पडून असते, दोन घास भरवले तर खाते.

हे पाठवायला पत्ता नाही, आणि असता तरी पाठवलं नसतं. तिच्याशी तू जे केलंस त्याचा राग जात नाही. पण खरं सांगते, तिने तसं विचारलं तेव्हा तुझीच ती धन्याची गोष्ट तिला परत सांगावीशी वाटली.