अठरा नंबरवर सगळ्यांनी ऐकलं

मिशन बीच,
मंगळवार दुपार

तीर्थस्वरूप मर्ना वन्सं यांना नोलीनचा नमस्कार. (गाडीत वाकायला जागा नाही, म्हणून तो बसूनच केला आहे असं समजावं.)

तुमचं कोपर आता कसं आहे? लॉन बोलिंगच्या मैदानावर तुम्ही पडलात हे कळल्यावर तुमचे बंधुराज दिवसभर हळहळत होते, आणि मग म्हणाले, "पण सामना जिंकली का ती?" जिंकलात असं धरून चालते. गार वाऱ्यात बाहेर बसू नका. टूवूम्बाच्या थंडीची इथे आठवण काढली तर लोक हसतात, कारण इकडे ऐन हिवाळ्यात, जुलैतसुद्धा, वितळलेल्या लोण्याला चमचा लागतो. आम्ही दोघं सुखरूप आहोत. म्हणजे गाडीचा डावा आरसा, एक पाण्याचा नळ आणि माझी समाजातली अब्रू सोडली तर बाकी सगळं सुखरूप आहे.

आता मूळ गोष्ट. निवृत्त झाल्यावर तुमच्या भावाने ही कॅम्परव्हॅन घेतली तेव्हा ठरलं होतं की फक्त हिवाळा किनाऱ्यावर काढायचा आणि घरी यायचं. पण हृदयात स्टेंट बसवल्यापासून त्यांना एकाएकी क्षितिज दिसायला लागलं. एक दिवस टोस्टला लोणी लावता लावता म्हणाले, "नोलीन, घर विकून टाकू. कायमचं गाडीतच राहू." मी म्हटलं, "बघू." वन्सं, इथेच घोटाळा झाला. माझ्या माहेरी 'बघू' म्हणजे 'नाही', फक्त पाहुण्यांसमोर म्हणायचं. तुमच्या माहेरी 'बघू' म्हणजे 'हो', फक्त थोडं लाजून. त्यात तुमचे जावईबापू घरं विकण्याच्या धंद्यातले. आमची गाडी फाटकाबाहेर पडते न पडते तोच त्यांनी अंगणात 'विकणे आहे'ची पाटी ठोकली, तीही नेमकी माझ्या लिंबाच्या झाडासमोर. त्यांची ही तत्परता गटार तुंबल्यावर कधी दिसली नव्हती, असो.

मग मी स्पष्ट नाही का म्हटलं नाही, असं तुम्ही विचाराल. म्हणणार होते. बोवनला म्हणणार होते, पण तिथे हे आंब्याच्या आइस्क्रीमची वाटी घेऊन धक्क्यावर बसले, आणि दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदा त्यांच्या गालांवर रंग दिसला. मग मीही एक वाटी मागवली. टाउन्सव्हिलला म्हणणार होते, तर तिथे गाडी मागे घेताना आमचं वाजलं. तुम्हाला ठाऊक आहेच, कॅरव्हान पार्कात गाडी जागेवर लावणं हा जाहीर कार्यक्रम असतो. नवरा स्टिअरिंगवर, बायको मागे उभी राहून हात हलवणार, आणि समोर घडीच्या खुर्च्यांवर बिअर घेऊन प्रेक्षक. मी हात डावीकडे केला, त्यांनी गाडी उजवीकडे घेतली. आरसा तिथेच गेला. प्रेक्षकांपैकी एकाने टाळ्या वाजवल्या, दुसरा म्हणाला, "लवकर आलात, आम्ही अजून जेवलोही नाही!"

आणखी एक. या प्रवासात सगळे आपापल्या गाडीच्या पाठीवर नावं रंगवतात. आमच्याही पाठीवर आहे: 'लायल आणि नोलीन, अठरा नंबरवर बोला.' अठरा म्हणजे गाड्यागाड्यांतून एकमेकांशी बोलायच्या रेडिओचा चॅनल, घरं घेऊन फिरणाऱ्यांचा. पुढे गुरं आहेत, मागून उसाचा ट्रक येतोय, अमक्या गावातल्या बेकरीत 'पाय' चांगला मिळतो (खिमा घातलेला, चेरीचा नव्हे), असं सगळं त्यावर चालतं. त्याचं बटण दाबलं की आपण बोलायचं, सोडलं की ऐकायचं. दाबलेलं असताना मात्र आपल्याला कुणाचं काही ऐकू येत नाही, हे लक्षात ठेवा.

इंगमच्या पुढे रस्त्याचं काम चाललं होतं. 'थांबा'ची पाटी घेतलेली मुलगी हलायचं नाव घेईना. दोन्ही बाजूंना ऊस, मागेपुढे गाड्यांची रांग. तुमचे बंधुराज सवयीप्रमाणे उतरून पुढच्या गाडीतल्या, वाटेत ओळख झालेल्या बेव्हनशी स्टेंटवर चर्चा करायला गेले (बेव्हनला दोन आहेत, त्यामुळे तो जरा वरचढ बोलतो). मी गाडीत एकटी. बर्फाच्या डब्याचं झाकण नेमकं रेडिओच्या बटणावर टेकलेलं, आणि मला त्याचा पत्ता नाही. मी आपली एकटीच बडबडत बसले. काय काय म्हटलं ते कॉरलने, म्हणजे बेव्हनच्या बायकोने, नंतर शब्दन् शब्द ऐकवलं: "मला नाही विकायचं घर आणि अंगणातलं माझं लिंबाचं झाड. मला पाय पसरून आंघोळ करायचा टब हवा आहे. म्हातारपणी आजारी पडायला पक्क्या भिंतींची खोली हवी आहे. आणि ह्यांना वाटेत काही झालं तर मी काय करू? मला ही गाडी मागेसुद्धा घेता येत नाही. कुठल्यातरी पार्कात नाक भिंतीला लावून जन्मभर उभी राहू का?"

वन्सं, हे अख्ख्या महामार्गाने ऐकलं. लोक ओरडत होते म्हणे, "काकू, बटण सोडा!" पण मला कसं ऐकू येणार? आणि तुमचे बंधुराज बेव्हनच्या खिडकीत कोपर टेकून उभे होते. त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं. परत आले, पट्टा बांधला आणि म्हणाले, "उन्हं चढली." बस्स.

कार्डवेलला माझं काय स्वागत झालं म्हणून सांगू! खेकड्याचं सँडविच घ्यायला गेले तर रांगेतल्या लोकांनी मला पुढे जाऊ दिलं. टास्मानियाच्या एका अनोळखी बाईने माझ्या हातात लिंबू ठेवून डोळे पुसले. समुद्र समोर, काठावर 'मगरींपासून सावध'ची पाटी. तिथे उभी राहून मी पाणी बघत होते, तर एक गृहस्थ धावत आले, "काकू, एवढंही मनाला लावून घेऊ नका!" मी चक्रावले.

इथे मिशन बीचला संध्याकाळी सगळ्यांनी खुर्च्या मांडल्यावर कॉरलने माझा हात धरला. "अगं बाई, तुला खरंच माहीत नाही? तू रेडिओवर होतीस!" मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. गाडीत पळाले आणि दार लावून घेतलं. तेवढ्यात रेडिओ खरखरला. तुमचे बंधुराज बेव्हनच्या गाडीत जाऊन बसले होते.

"नोलीन, ऐकतेस का?"

मी आवाज वाढवला.

"घर राहू दे. मला वाटलं, तुला कंटाळा आलाय त्या घराचा. मी मेलो तर तू एकटी त्या खोल्यांतून फिरशील, हे मला बघवेना, म्हणून म्हटलं विकू. उद्यापासून तुला गाडी मागे घ्यायला शिकवतो. ऐकलंस?"

पाठोपाठ कुठल्याशा ट्रकवाल्याचा आवाज आला, "काकू, उत्तर द्या हो, आम्ही सगळे खोळंबलोय!" मी बटण दाबलं, पण रडूच आलं, तर तेही सगळ्यांनी ऐकलं.

शिकवणी सुरू झाली आहे. आता स्टिअरिंगवर मी, आणि मागे उभे राहून हातवारे ते करतात. पार्कातला नळ काल माझ्या धक्क्याने गेला. प्रेक्षक दुपारपासूनच जागा धरतात. तुमच्या कोपराला जपा.

तुमची,
नोलीन

ता. क. मुख्य म्हणजे, जावईबापूंना सांगून अंगणातली पाटी आजच्या आज काढवा. ते 'बघू' म्हणाले तर तुम्ही स्वतः उपटा, दुसऱ्या हाताने.

ता. क. लिंबाला आठवड्यातून दोनदा पाणी घाला. आम्ही इतक्यात येत नाही. घर जागेवर आहे म्हटल्यावर मला फिरायला भलतंच आवडायला लागलं आहे. पार उत्तरेला कुकटाउनपर्यंत जाऊ या असं मीच म्हटलं.

ता. क. इथपर्यंतचं तुमच्या भावाने वाचलं, चष्मा पुसला आणि ते मासे आणायला गेले. आता तुम्हाला एकटीला सांगते, आणि हा कागद फाडून टाका. बर्फाचा डबा त्या दिवशी मागच्या कपाटात होता. बटण मी अंगठ्याने दाबून धरलं होतं, आणि बेव्हनचा रेडिओ चालू असतो हेही मला माहीत होतं. गाडीत दोघंच असताना बोलले असते तर त्यांनी माझी समजूत घातली असती, आणि ती मला पटलीही असती. आता इतक्या लोकांदेखत दिलेला शब्द त्यांना मागे घेता येणार नाही.