निकिताच्या पत्रिका, घरच्या घरी

४ एप्रिल
प्रिंटर आणला. निकिताच्या लग्नाच्या दोनशे पत्रिका घरीच छापणार, जाहीर करून टाकलं. भुजंगच्या प्रेसमधल्या पत्रिका बघून किळस येते. गुळगुळीत गणपती, गुलाबी मजकूर, वर अत्तराचा वास. शी. कापसाच्या जिनिंगच्या ऑफिसात तेवीस वर्षं कागद हाताळलाय मी. निकिता संध्याकाळी लगबगीनं बाहेर गेली. अभिमानानं मैत्रिणींना सांगायला गेली असणार.

६ एप्रिल
दुकानदार भागवत म्हणे, काका, हे चकचकीत कार्ड प्रेसचं हाय, तुमच्या प्रिंटरची शाई ह्याच्यावर धरायची न्हाई, साधा कागद न्या. साधा! पोरीच्या लग्नाला झेरॉक्सचा कागद? सगळ्यात जाड, सगळ्यात चकचकीत तेच घेतलं.

७ एप्रिल, सकाळी
पहिलं कार्ड अडकलं. दुसरंही. तिसरं ओढलं तर अर्धं हातात, अर्धं आत. हलकट यंत्र.

दुपारी
एक निघालं! देखणं. बायकोनं त्यावर बोट फिरवलं, नवरदेवाच्या नावाचा काळा ओघळ झाला. बोट तिचंच ओलं असणार.

९ एप्रिल
साधा कागद आणला. भागवतला तोंड दाखवायचं नव्हतं, म्हणून रेल्वेनं परभणीला जाऊन आणला. उन्हानं करपू नये म्हणून गठ्ठा उघडून रात्रभर कूलरसमोर ठेवला. कागदाचीही काळजी घ्यावी लागते. कोणाला कळतंय?

१० एप्रिल
कागद सादळला. चार-चार एकदम आत जातात. गच्चीवर वाळत घातला, तर कडा पापडासारख्या वळल्या. या देशात धड कागद बनत नाही.

१२ एप्रिल, सकाळी ८
नवा गठ्ठा. आणि काय डोकं चाललं! पत्रिकेच्या कोपऱ्यांना हळद-कुंकू लावावंच लागतं. दोनशे वेळा कोण लावत बसणार? कोऱ्या कागदांनाच आधी लावून टाकलं. कालवून, भरपूर. भुजंगला सात जन्मांत सुचायचं नाही.

सकाळी ११
प्रिंटरचा रोलर पिवळा. आत लाल चिखल. अकरा कागद निघाले, प्रत्येकावर निकिताच्या नावावरून पिवळा पट्टा. नखांत हळद, नाकात हळद. घाण, घाण, घाण. बायको म्हणे, पोरीच्या आधी ह्यालाच हळद लागली की वो. यंत्र बंद पडलंय. विश्रांती घेत असेल.

१५ एप्रिल
भुजंग स्वतः गठ्ठा घेऊन दारात. दोनशे पत्रिका. निकितानं चार तारखेलाच ऑर्डर दिली होती, प्रिंटर घरात आला त्याच संध्याकाळी. आधी का नाही सांगितलं, विचारलं. म्हणाली, पप्पा, तुमी लय खुश होता.

वाईट वाटलं. खूपच वाटलं.

गुळगुळीत गणपती, गुलाबी मजकूर, अत्तर. खाली माझं नाव. कोणी बघत नाही असं पाहून थुंकी लावून घासलं. अक्षर हललं नाही.

बायकोनं हळद-कुंकवाच्या वाट्या माझ्यापुढे सरकवल्या. म्हणाली, आता लावा, छापून झालंय.