चाच्यांचा वाढदिवस

माधवनगर,
ता. ६ फेब्रुवारी १९४४

ती. विजयमालाअक्का यांना चंदनबालाचा जय जिनेंद्र आणि नमस्कार.

तुम्ही पाठवलेला घेवडा आणि गूळ तुमच्या गड्यानं, आकारामनं, नीट पोचवला. मामंजींचा खोकला उतारावर आहे. गिरणीत जातात, येतात, जेवतात. नातवाशी काय बोलतात तेवढंच. तुम्ही भांडून गेलात त्यावर त्यांनी अवाक्षर काढलेलं नाही आणि मीही विचारलं नाही.

बातमी अशी की येत्या वीस तारखेला जवाहरला पाच वर्षं पुरी होतात. त्यानं हट्ट धरलाय, चाच्यांचा वाढदिवस करायचा! हे मामंजींचंच काम. गिरणीत कापडाच्या गठ्ठ्यांवर रंगीत चित्रं चिकटवतात, त्यातलं एक त्यांनी आणून दिलं. जहाज, आणि त्यावर दाढीवाले, एका डोळ्यावर काळी पट्टी बांधलेले लुटारू. "आजोबा, हे कोण?" "हे चाचे. दर्यावर राहत्यात. कुणाला भीत न्हाईत." झालं. तेव्हापासून माझं लाटणं हाताला लागत नाही. त्याची तलवार झाली आहे.

इथे दर्या कुठला आणायचा? अंगणातली बैलगाडी हेच जहाज ठरलंय. शिडाला गिरणीतलं डागी कापड मिळेल. शेजारच्या बनाबाईंनी पोरांच्या पट्ट्यांसाठी जुनी छत्री फाडून ठेवली. दाढ्या काजळाच्या. साखर मिळत नाही, पण तुमच्या गुळात गहू शिजवून हुग्गी करीन, तिखटमिठाच्या पुऱ्या करीन. दिवस मावळायच्या आत सगळ्यांची जेवणं उरकली की झालं.

आणखी एक. जवाहरचा हुकूम आहे की मोठ्यांनीही सोंग घ्यायचं. उघड्या तोंडाच्या माणसाला जहाजावर जागा नाही. तेव्हा आकारामला सांगा, आणि त्याच्या ओळखीचं कुणी यायचं असेल तर येऊ द्या. रविवार आहे, रस्त्याला वर्दळ असते. काळ्या दाढीत कोण कुणाचं, काही कळत नाही.

हवालदार नाथाजी दर आठवड्याला चौकशीला येतात. परवा त्यांनी पोरालाच विचारलं, "बाळ, बाबा कुठं हाय रं तुझा?" हा म्हणाला, "दर्यावर. चाचे झालेत." नाथाजी खूप हसले. दर्यावर गेलेत, असं मीच त्याला सांगितलं होतं, अक्का. एवढ्याशा पोराला दुसरं काय सांगायचं?

बाकी ठीक. निरोप पोचला की कळवा.

तुमची,
चंदनबाला


माधवनगर,
ता. २३ फेब्रुवारी १९४४

अक्का,

हे पत्र टपालानं नाही, आकारामच्या मुंडाशातून येतंय, म्हणून मोकळं लिहिते. टपालातली पत्रं फोडतात हे तुम्हाला ठाऊक आहेच. वाचून झालं की चुलीत घाला.

मागच्या पत्रातली सोंगाची खूण तुम्ही बरोबर ओळखलीत आणि पोचती केलीत. तुमचा भाऊ आला होता.

बेचाळीसच्या पावसाळ्यात ते भूमिगत झाले, त्यानंतर मी त्यांना आत्ता पाहिलं. दुपारी अंगणात पोरांचा नुसता कल्लोळ चालला होता. आकाराम आला, त्याच्या मागे दोघे गडी. एकाच्या डोक्यावर घोंगडी, डोळ्यावर पट्टी, काजळाची दाढी. मी हुग्गी वाढत होते. त्यांनी द्रोण पुढे केला आणि तो हात पाहिल्यावर मला तोंड बघायची गरज उरली नाही. पळी तशीच धरून उभी राहिले. ते हळूच म्हणाले, "थोडी वाढा. पोरांना पुरली पाहिजे." दीड वर्षानं नवऱ्याच्या तोंडून हे वाक्य!

मग जवाहरनं त्यांना हेरलं. सगळ्यांत उंच चाचा तोच. आधी खांद्यावर बसून गाडीभोवती तीन फेऱ्या घेतल्या, मग म्हणाला, "आता तू माझा कैदी!" आणि पोरांनी कासऱ्यानं त्यांना गाडीच्या जुवाला बांधलं. तेही हसत हसत बांधून घेत होते. मी पाहत होते. वाटत होतं, असाच बांधून ठेव रे बाळा, सोडू नको.

तेवढ्यात दारातून नाथाजी हवालदार आत आले.

पळायचं म्हटलं तरी माणूस जुवाला बांधलेला! नाथाजी थेट गाडीपाशी गेले. "वा रं वा! ह्यो कोण धरलायसा?"

मी काही बोलणार तोच ओट्यावरून मामंजी उठले. म्हणाले, "धुळा! सोंगं पुरी झाली. म्हशी पाण्याला कोण न्हेणार, तुझा बा?"

धुळा आमचा गुराखी, तुम्ही ओळखता. तो त्या दिवशी बहिणीकडे गेला होता. मामंजींनी कासरा सोडला, ह्यांच्या पाठीत एक जोराचा धपाटा घातला आणि गोठ्याकडे ढकललं. गोठ्याच्या मागे उसाचं शेत. तिथून आकारामनं त्यांना वाटेला लावलं.

मग वळून मामंजी म्हणाले, "नाथाजी, नातवाचा हुकूम हाय. पट्टी बांधल्याबिगर हुग्गी मिळायची न्हाई." आणि स्वतःच्या हातानं हवालदाराच्या डोळ्यावर काळी चिंधी बांधली. नाथाजी पोरांच्या पंगतीत मांडी घालून दोन द्रोण जेवले. उरलेल्या एका डोळ्यानं त्यांनी काय पाहिलं, ते तेच जाणोत. जाताना जवाहरच्या गालावर हात फिरवला आणि एवढंच म्हणाले, "लय ग्वाड झाली हुग्गी."

सगळे पांगल्यावर मामंजी गोठ्यात जाऊन बसले. मी पाणी घेऊन गेले. बराच वेळ उजवा हात बघत होते. मग म्हणाले, "हाडं लागली गं हाताला. लय वाळलाय माझा अण्णाप्पा."

अक्का, "मला मुलगा न्हाई" असं त्यांनी चारचौघांत सांगितलं, तेव्हापासून तुम्ही माहेरची पायरी चढला नाहीत. मलाही ते फार लागलं होतं. त्या संध्याकाळी ते आपणहून बोलले, "ते मी पोलिसांच्या कानासाठी बोलत हुतो. बाप बी उलटला म्हटलं तर घरावरची नजर ढिली हुईल. पण पोरीनं ते खरं मानलं." घरातल्या कुणाला सांगितलं असतं तर कुणाच्या तरी डोळ्यांत दिसलं असतं, म्हणून एकट्यानं सोसलं. पाडव्याला तुम्ही यावं असं त्यांच्या मनात आहे. तोंडानं म्हणणार नाहीत, तुम्ही जाणताच. मी म्हणते, या.

जवाहरला काही कळलं नाही असं मी धरून चालले होते. दुसऱ्या दिवशी अंघोळ घालताना त्यानं विचारलं, "आई, कैदी खरं बोलतात का?"

म्हटलं, "का रे?"

"त्या चाच्याला माझं नाव ठाऊक होतं. म्हणाला, तुझे बाबा वाटेत भेटले होते. दर्या निवळला की घरी येणार आहेत."

मी म्हटलं, "हा कैदी खरं बोलतो." तो लगेच बनाबाईंकडे पळाला, ओल्या अंगानं, सांगायला की पुढच्या वाढदिवसाला गाडीवर आणखी एक माणूस बसणार, मोठं शीड लागेल.

नवऱ्याचं नाव बाईनं लिहू नये म्हणतात. पण ज्याच्यासाठी एवढं जपायचं त्याचं नाव कुठेतरी उमटायला हवं, चुलीत जायच्या आधी एकदा तरी.

तुमच्या अण्णाप्पाची,
चंदनबाला