हिंदीपुढचं गोवा

पुणे,
२२ नोव्हेंबर २००९

प्रिय आग्नेसबाय,

नमस्कार. आईचा गुडघा कसा आहे? मी पाठवलेलं तेल चोळते, की जपून ठेवलंय? इथे थंडी सुरू झाली. मेसवाल्याने काल बांगडा केला होता. मला त्या बांगड्याचीच कीव आली.

परवा फोनवर तू नागपूरच्या पाहुण्यांचं सांगितलंस. गावातल्या आपल्या घरगुती निवास गटाची वेबसाइट बघून ती माणसं गोव्याच्या विमानतळावर उतरली, टॅक्सीने चार तास घासत देवबागला आली आणि दारातच भांडली. "त्या बायन माका सगळ्यांसमोर फसवी म्हटल्यान रे," म्हणालीस. मी म्हटलं, लोक दोन दिवसांत विसरतील. शहाणाच मी!

मग म्हणालीस, "निकेत आता गटात नको, असा सगळी म्हणतत. पुढच्या रविवारी बैठक आसा."

बाय, निकेतने फक्त घराघरांतून फोटो आणि माहिती गोळा करून त्याच्या दुकानातल्या कॉम्प्युटरवरून मला पाठवली. वेगवेगळ्या भाषांतली पानं मी केली. आमच्या ऑफिसच्या सॉफ्टवेअरमध्ये भाषा निवडायच्या यादीत भाषेचं आणि प्रदेशाचं नाव आपल्याला हवं ते लिहिता येतं. मराठीपुढे मी सिंधुदुर्ग लिहिलं. हिंदीपुढे गोवा लिहिलं; ते वाचूनच नागपूरची माणसं गोव्यात उतरली.

गिऱ्हाइकं वाढतील म्हणून केलं, असं सांगायचं ठरवलं होतं. ते अर्धंच खरं. इथे कुणी गाव विचारलं की मी "गोव्याजवळ" म्हणायचो. सिंधुदुर्ग म्हटलं की पुढे नकाशा समजावत बसावा लागतो. हळूहळू त्यातलं "जवळ" गळून गेलं. मला आपल्या गावाची लाज वाटत होती, बाय. दुसरं काही नाही.

तुझा फोन ठेवला आणि मी ते नाव गुपचूप बदलून टाकलं. आता वेबसाइट उघडली तर हिंदीपुढेही सिंधुदुर्गच दिसेल. म्हणजे चूक आपली नव्हती हे दाखवायलाही निकेतच्या हातात काही उरलं नाही.

काल त्याचाच फोन आला. भांडायला नव्हे. "नेल्सन, माझी खंय चूक झाली काय रे? तुका ह्यातला कळता," असं विचारत होता. मी त्याला म्हटलं, "बघून सांगतंय."

हे पत्र रविवारी बैठकीत वाच. निकेतला समोर बसव आणि मोठ्याने वाच, लाजेचं वाक्यही गाळू नकोस. माझी बाजू घेऊ नकोस. नाताळला येईन तेव्हा आधी त्याच्या दुकानात जाईन. त्याने दारात उभं केलं नाही तर तेही बरोबरच.

दर पत्राच्या शेवटी मी आईकडे बेसांव मागतो, आणि ती तुझ्या हातून आशीर्वाद लिहून पाठवते. आधी तिलाही हे वाचून दाखव. त्यानंतर तिला द्यावासा वाटला तरच पाठव.

तुझा भाऊ,
देवबागचा नेल्सन